आमची गाडी विंटेज नाही!

चालत्या माणसाला घरी बसवायचे आपल्याकडे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे 'म्हातारा झाला' असं तोंडावर सांगणे आणि दुसरा म्हणजे त्याचा सत्कार करणे. पहिल्यात निदान प्रामाणिकपणा असतो. दुसऱ्यात मात्र श्रीफळ हातात पडेपर्यंत सत्कारमूर्तीला पत्ताच लागत नाही की, आपल्याला नारळ मिळाला!

आमच्या घरात गेल्या वर्षी दोघांवर हा प्रसंग आला. एक आमचे वडील. त्यांना पंचाहत्तरी लागली. दुसरी त्यांची 1975 सालची येझदी. तिनं पन्नाशी गाठली. वडिलांना शाली मिळाल्या आणि त्या दिवसापासून घरात त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. येझदीला आमच्या पुण्याच्या मेव्हण्यांनी 'विंटेज' ही पदवी दिली. माझं भांडण आहे ते या पदवीशी.

गाडीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. ती घेतली तेव्हा वडील लातूर तालुक्यात नवे मास्तर होते. तालुका म्हणालो, कारण लातूर जिल्हा झाला 16 ऑगस्ट 1982 ला. म्हणजे गाडीचं पासिंग उस्मानाबाद जिल्ह्याचं. पुढं ती उभ्या जागी लातूर जिल्ह्यात आली आणि 2023 साली उस्मानाबादचंच धाराशिव झालं. एवढ्या उलथापालथीत नाव बदललं नाही ते फक्त गाडीनं. म्हैसूरच्या ज्या आयडियल जावा कारखान्यात ती जन्मली, तो 1996 साली बंद पडला. माहेर बुडालं, तरी ही सासरी राबतच होती. 1993 च्या 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा वडील भाकरीची गाठोडी बांधून हिच्यावरूनच औसा तालुक्यातल्या खेड्यांत गेले होते. 2001 साली घरात चार स्ट्रोकची शहाणी गाडी आली आणि येझदी पत्र्याच्या खोलीत गेली. तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर ज्वारीची पोती आणि पोत्यांवर मांजर, अशी ती चोवीस वर्षं उभी होती.

मी नांदेडला बँकेत कारकून आहे. आमच्याकडे खात्यात दोन वर्षं व्यवहार झाला नाही की, ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की, रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण मंडळी, पैसा खातेदाराचाच राहतो! तो किंवा त्याचा वारस कागद घेऊन काउंटरवर उभा राहिला की, खातं चालू करून द्यावं लागतं. आम्ही कारकून कितीही कंटाळलेले असलो, तरी 'तुमचं खातं छान जुनं आहे, काचेच्या कपाटात ठेवू या' असं कधी म्हणत नाही.

मेव्हणे नेमकं तेच म्हणाले. "पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवा. काय शोभा येईल!" भंगारवाल्यानं किलोचा भाव सांगितला. दोघांच्या हिशोबात फरक कसला? एक लोखंड बघतो, दुसरा चकाकी. चाकाकडे दोघांचंही लक्ष नाही. बी.कॉम.ला आम्ही घसारा शिकलो. सरळ रेषा पद्धतीत वस्तू ठरल्या वर्षी शून्य होते. घटत्या शिलकेच्या पद्धतीत किंमत कमी-कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. परीक्षेत मला या प्रश्नाला दहापैकी चार गुण पडले होते. त्यातलं तत्त्वज्ञान कळायला पंचेचाळिशी उजाडावी लागली.

गाडी टेम्पोत घालून नांदेडला आणली. देगलूर नाक्याकडच्या एका बुजुर्ग मिस्त्रींसमोर मी ऐटीत किक मारायला पाय उचलला, तशी त्यांनी आरोळी ठोकली, "किक मत मारो साब! इंजन सोया है, मरा नै!" वर्षानुवर्षं एका जागी बसलेल्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटतात, जोर केला की तुटतात. त्यांनी प्लग काढून आत ऑइल सोडलं आणि चार दिवस गाडीला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी गिअर टाकून मागचं चाक हातानं मागं-पुढं हलवलं. हळूच 'टक्' झालं. कुणीतरी कूस बदलावी तसं.

मग टाकीत खडी आणि साखळी घालून गंज खळखळून काढला. कार्बोरेटरचा जेट तारेनं नव्हे, हवेनं साफ केला. क्रँकची वाळलेली ऑइल सीलं बदलली. दोन स्ट्रोकच्या इंजिनात तिथून हवा शिरली की, इंजिन तापून पुन्हा बसतं. नक्षी शाबूत असली तरी रबराला भेगा पडल्या होत्या, म्हणून टायर नवे. पेट्रोलच्या नळ्याही नव्या, कारण आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं आणि ओलावा ओढतं. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच लातूरचा ऊस आता टाकीत बसून पाणी ओढणार, याला काय म्हणावं?

आता मुख्य तक्रार. केंद्र सरकारनं 2021 साली 'विंटेज' वाहनांचे नियम केले. मूळ रूपात राहिलेली, 50 वर्षांहून जुनी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000. नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरं. आणि अट काय? तर गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. नेहमीच्या वापराला बंदी! म्हणजे पेट्रोल भरायला जाता येतं, पण भरलेलं पेट्रोल जाळून दळण आणता येत नाही. दुरुस्तीला नेता येतं, पण दुरुस्त कशासाठी करायची ते विचारायचं नाही. हा सत्कार नव्हे तर काय?

ज्यांच्याकडे संस्थानिकांच्या मोटारी आहेत, त्यांना हा मान लखलाभ होवो. माझं म्हणणं एवढंच आहे की, गाडीचं वय विचारू नका, ब्रेक दाबून बघा. ब्रेक लागत नसेल तर दोन वर्षांची गाडीही घरी बसवा. लागत असेल तर पन्नास वर्षांचीला जाऊ द्या. येझदी धूर सोडते, हे मान्य. म्हणून मी काही रोज तिच्यावर बँकेत जाणार नाही. पण महिन्यातून चार वेळा भाजी आणायचा तिचा हक्क मी सोडणार नाही. तेव्हा आम्ही साधं नूतनीकरण केलं. फी, दंड, पर्यावरण कर सगळं भरलं, तपासणीला उभे राहिलो आणि पास झालो. आमची गाडी विंटेज नाही. जुनी आहे. जुनं असणं हा गुन्हा नाही आणि पराक्रमही नाही.

एका रविवारी पहाटे नांदेडहून निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत पन्नाशीच्या गाडीनं पन्नासच्या वेगानं लातूर गाठलं. वाटेत तीनदा प्लग पुसला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत दोन सायलेन्सरांचा तो आवाज घरात पोचला असणार, कारण गुडघ्यांमुळं चार महिने अंगणात न आलेले वडील फाटकाशी उभे होते.

मी गाडी स्टँडला लावली. दोन शब्द कौतुकाचे ऐकायला मिळतील म्हणून उगाच हेल्मेट पुसत राहिलो. वडिलांनी गाडीला एक चक्कर मारली, वाकून टाकीखाली पाहिलं आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांचा तो वर्गातला आवाज निघाला, "पेट्रोलचा कॉक कुणी बंद करायचा?"

तो बंद करायचा राहिलाच होता. त्यांनीच वाकून केला.