बर्फ न पडणाऱ्या गावातील थंडी

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यावर हिमवादळ कोसळले. कडक उन्हाळ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रदेशात रस्त्यांवर बर्फ साचले, जलवाहिन्या गोठून फुटल्या आणि लक्षावधी घरांची वीज गेली. राज्याच्या आरोग्य विभागाने या वादळाशी संबंधित २४६ मृत्यूंची नोंद केली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे थंडीने शरीर गारठून गेली, तर काहींचा बळी विषारी वायूने घेतला. ऊब मिळावी म्हणून बंद जागेत कोळसा पेटवणे किंवा जनित्र चालवणे त्यांच्या जिवावर बेतले. त्याच देशातील मिनेसोटा राज्यात याहून कडक थंडी दरवर्षी पडते, परंतु तेथील घरे, वस्त्रे आणि माणसांच्या सवयी तिच्यासाठी घडलेल्या असतात. टेक्सासमध्ये नेमकी हीच सिद्धता नव्हती.

राजारामपुरीच्या गल्ल्यांत ज्या घरांतील मुले-नातवंडे परदेशी आहेत, तेथील आजी-आजोबा अशा बातम्या ऐकून दूरध्वनीवर बजावतात, “अंगभर कपडे घाला, बाहेर पडू नका.” हीच काळजी त्यांनी स्वतःचीही घ्यावी, असे सुचवण्यासाठी हा लेख आहे. कोल्हापुरात बर्फ पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, तेवढाच आपला हिमाशी संबंध. त्यामुळे “एवढ्याशा थंडीनं काय होतंय?” हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते.

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने दिले आहे. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१५ मध्ये १३ देशांतील सुमारे ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७.२९ टक्के मृत्यूंचा संबंध थंडीशी, तर अवघ्या ०.४२ टक्के मृत्यूंचा उष्णतेशी आढळला. त्या देशांत भारत नव्हता, परंतु थायलंड आणि ब्राझीलसारखे उष्ण देश होते. विशेष म्हणजे थंडीमुळे झालेले बहुतेक मृत्यू कडाक्याच्या गारठ्यातील नव्हते. ते बेताच्या थंडीतील होते. बातमीत न येणारी थंडीच अधिक माणसे नेते, असा याचा अर्थ.

आपली घरे ऊन आणि पाऊस यांचा विचार करून बांधलेली आहेत. उंच छत, फरशीची जमीन, वाऱ्यासाठी सोडलेले झरोके हे सारे वैशाखात सुखाचे असते. पौषात मात्र पहाटे ही खोली बाहेरच्या अंगणाइतकीच गार होते. जागतिक आरोग्य संघटनेने थंड ऋतूत घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे, असे सुचवले आहे. वृद्धांच्या खोलीत भिंतीवर एक साधा तापमापक लावावा. पहाटे पाच वाजताचा त्याचा आकडा घरातील धडधाकट माणसांनाही विचारात पाडेल.

वयानुसार त्वचेखालील चरबी व स्नायू कमी होतात आणि थंडीची जाणीवही बोथट होते. आजोबा “मला थंडी वाजत नाही” म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. शरीर त्यांना वेळेवर खबर देत नसते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. म्हणून हृदयविकार, पक्षाघात किंवा दम्याचा पूर्वेतिहास असलेल्यांनी थंडीच्या आरंभीच आपल्या डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्यावा. गोळ्यांची मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये.

दिनक्रमात थोडा फेरफार पुरेसा असतो. रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या परिसरात अंधार असताना फिरायला जाण्याचा नेम थंडीपुरता सोडावा आणि ऊन वर आल्यावर निघावे. जाग येताच ताडकन उठू नये. अंथरुणातच हातपाय हलवून, बसून, मग उभे राहावे. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातले तर ऊब अधिक टिकते. कानटोपी आणि पायमोजे रात्रीही असावेत. मात्र मोजे घालून फरशीवर चालताना पाय घसरतो, म्हणून तळाला पकड असलेले मोजे किंवा चपला वापराव्यात. अंघोळ उन्हे आल्यावर करावी आणि पाणी कढत नसावे. तहान लागली नाही तरी कोमट पाणी पीत राहावे. हुलग्याचे माडगे किंवा पांढरा रस्सा अवश्य घ्यावा, पण रक्तदाब असलेल्यांच्या वाटीत मीठ बेताचेच पडावे.

उबेच्या साधनांतही धोका असतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे आणि वारा खेळत नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर चालवणे, या दोहोंतून कार्बन मोनॉक्साईड साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर अशी लक्षणे दिसताच त्या माणसाला मोकळ्या हवेत आणावे. गिझर न्हाणीघराबाहेर बसवून घेणे उत्तम. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी गरम पाण्याची पिशवी पायांशी घेऊन झोपू नये. भाजल्याचे सकाळी कळते. “थोडी घेतली की ऊब येते” हाही भ्रमच आहे. मद्याने कातडी तापल्यासारखी वाटते आणि शरीरातील उष्णता बाहेर जाते.

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले तर ती तातडीची अवस्था होय. घरातील साध्या तापमापकावर इतके कमी तापमान दिसेलच असे नाही, म्हणून लक्षणे ओळखावीत: गुंगी, अडखळते बोलणे, गोंधळलेपण, पोट आणि पाठही गार लागणे. कुडकुडणे थांबले म्हणजे बरे वाटले, असे समजू नये. अशा वेळी ओले कपडे बदलून डोक्यासह पांघरूण घालावे, छाती-पोटाला ऊब द्यावी, हातपाय चोळू नयेत आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वाचकहो, ज्या घरात आजी किंवा आजोबा एकटे राहतात, तेथे हे सारे कोण पाहणार? यासाठी गल्लीतल्या गल्लीत व्यवस्था करता येते. सकाळी आठला एक दूरध्वनी, एका शेजाऱ्याकडे घराची जादा किल्ली आणि दारावरचे दूध नऊपर्यंत उचलले गेले नाही तर दार वाजवण्याची मुभा, एवढे आजच ठरवून ठेवावे. मुभा द्यायला थोडा संकोच वाटेल. तो आजी-आजोबांनीच बाजूला ठेवावा आणि किल्ली स्वतःच्या हाताने शेजारी नेऊन द्यावी.