दयेवर बक्षीस कशाला?

विरारच्या आमच्या घरी भाचा काल्पनिक जगातले साहसी गेम खेळतो, मी शेजारी बसून बघते. गावकऱ्याला वाचवलं की लगेच नाणी, गुण, वर जादूची तलवार. मग पोरगा त्या गावकऱ्याकडे बघतच नाही, बक्षिसाकडे बघतो. याचा मला राग येतो. मुलांना इतकं स्वस्तात चांगलं ठरवू नये.

म्हणूनच टोबी फॉक्सचा २०१५ चा ‘अंडरटेल’ हा गेम मला मोलाचा वाटतो. तिथे राक्षसाला जीवदान दिलं तर अनुभवाचे गुण शून्य. ताकद वाढत नाही, पुढची लढत जडच जाते. भाचा तिथे प्रथमच थबकला, “आत्या, सोडू का याला?” म्हणाला.

खऱ्या इतिहासातलं आपल्या वसईचंच बघा. मे १७३९ मध्ये मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून इथला किल्ला घेतला. त्या मोहिमेत हजारो मराठे पडले होते. तरीही शरण आलेल्या पोर्तुगीजांना ठरल्याप्रमाणे शस्त्रांसह, सन्मानाने जाऊ दिलं. त्यात व्यवहार होताच, पुढचा रक्तपात टळला. पण सुडाची संधी हातात असताना शब्द पाळला गेला, हे मला किल्ल्याइतकंच मोठं वाटतं. या मोहिमेवर कुणी मराठी गेम केलाच, तर त्या निर्णयानंतर पडद्यावर नाणी खणखणवू नका.