ढोलकीचा हरवलेला धूम

विठाबाई नारायणगावकरांच्या नारायणगावात राहून ढोलकीचा कान नसेल, तर आमचे दादा त्या माणसाला माणूस म्हणत नाहीत!

गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी घरातल्या दोन स्पीकरांच्या जोडीला खर्जासाठी तिसरा आणला. त्याला सबवूफर म्हणतात. ८० हर्ट्झच्या खालचे स्वर त्याने वाजवायचे, वरचे जुन्या दोघांनी. ही वाटणी करणारे डिजिटल यंत्र म्हणजे क्रॉसओव्हर. हौसेने लावणी लावली. दादा म्हणाले, “एवढा मोठा स्पीकर आणलास, अन् ढोलकीचा धूम कुठं गेला रं?”

ऐंशी उलटलेले कान! मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन करायला निघालो. चिरंजीव मात्र टेप घेऊन उठले. कोपऱ्यातला नवा स्पीकर दादांच्या खुर्चीपासून इतरांहून १.७ मीटर लांब निघाला. आवाजाला तेवढ्याला ५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या उशिराने सांध्यावरच्या स्वरात एकाची लाट वर, तर दुसऱ्याची खाली. दोघे एकमेकांना खोडून काढत होते.

लांबच्याला घाई करता येत नाही. म्हणून यंत्रातून जवळच्या दोघांनाच ५ मिलिसेकंद थांबवले. आपल्या खोडदची रेडिओ दुर्बीण तरी दुसरे काय करते? २५ किलोमीटरांत पसरलेल्या ३० तबकड्यांचे संकेत असेच वेळ जुळवून एकत्र होतात.

पुन्हा लावणी लागली. दादांची बोटे खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागली. मी फोन मुकाट्याने खिशात घातला.

वाचकहो, घरातले म्हातारे माणूस ‘काहीतरी चुकतंय’ म्हणाले, तर त्याच्या कानाआधी स्पीकरचे अंतर मोजावे!