व्हेंटिलेटर आला, पण ‘वाफ’ कशी द्यायची?

मे 2020 मध्ये पीएम केअर्स निधीतून 50,000 व्हेंटिलेटरसाठी 2,000 कोटी रुपये जाहीर झाले. त्या वर्षी आमच्या मुळशीतलं लवळ्याचं सिंबायोसिस रुग्णालय कोविडसाठी वापरात होतं आणि जो तो एकच विचारायचा, ‘व्हेंटिलेटर किती?’ 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठासमोर पुढचा प्रश्न आला: घाटी रुग्णालयाकडे आलेल्या 150 पैकी नीट चालतात किती?

माझा प्रश्न वेगळाच आहे. त्याच सुमारास माझ्या वडिलांना पुण्यात व्हेंटिलेटर लागला होता. दमा जुना, म्हणून नेब्युलायझरही सुरू. एकदा ते चालू असतानाच अलार्म वाजला. सिस्टर धावत आल्या आणि तोंडाजवळच्या नळीतला ओलाचिंब फिल्टर काढला. तो आधी काढायचा राहून गेला होता.

हा फिल्टर म्हणजे कृत्रिम नाक. रुग्णाच्या श्वासातला ओलावा धरून तो परत देतो. नेब्युलायझर त्याच्या अलीकडे, यंत्राच्या बाजूला असेल तर औषधाचे थेंबही तोच धरतो. फुप्फुसात जवळपास काहीच पोचत नाही, वर फिल्टर भिजून हवा अडते. म्हणून औषध देताना तो काढायचा आणि झाल्यावर आठवणीने परत बसवायचा.

गंमत अशी की, उच्छ्वासाच्या टोकाला असलेल्या फिल्टरचा नियम बरोबर उलटा. तो नसेल तर औषध यंत्राच्या सेन्सरवर साचतं आणि श्वासाचे आकडे चुकतात. शिवाय रुग्णाचे जंतू खोलीत पसरू शकतात. पण तोही हळूहळू तुंबतो, वेळेत बदलावा लागतो.

आपल्याकडचा नेहमीचा जेट नेब्युलायझर बाहेरच्या ऑक्सिजनवर चालवला तर मिनिटाला 6 ते 8 लिटर जास्तीची हवा नळीत येते. यंत्राच्या हिशेबात ती नसते. श्वास ठरल्यापेक्षा मोठा जातो आणि अशक्त रुग्णाने स्वतः श्वास घ्यायची केलेली धडपड यंत्राला कळत नाही. कंपन करणाऱ्या जाळीचा मेश नेब्युलायझर हवा वाढवत नाही, औषध भरायला नळीही उघडावी लागत नाही. महाग आहे, हे खरं.

पिरंगुटच्या कारखान्यांपैकी कुणी सीएसआरमधून व्हेंटिलेटर देणार असेल, तर ऑर्डरमध्ये एक मेश नेब्युलायझर आणि वर्षभराचे फिल्टरही लिहा. आणि नातेवाइकांनो, नळीला हात लावू नका. ‘फिल्टर काढला का, परत बसवला का?’ एवढं सिस्टरना जरूर विचारा.