माफी कोणी कोणाची मागायची?

परवा आमच्याकडे सगळे जमले होते. जेवणं आटोपली, गप्पा रंगल्या आणि मध्येच माझ्या सातवीतल्या भाचीनं जाहीर केलं की तिला तलवारबाजी शिकायचीय. फेन्सिंग! शाळेजवळ क्लास सुरू झालाय म्हणे.

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग आमचे एक काका (नाव लिहीत नाही, ते हा ब्लॉग वाचतात) म्हणाले, "अगं, त्यात आपलं आहे कोण? ती एक भवानी देवी. ती पण दुसऱ्या फेरीत हरली आणि देशाची माफी मागून मोकळी झाली!"

सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. मोठ्यांसमोर माझी वाचा बसते हे आता जगजाहीर आहे. म्हणून इथे लिहितोय. काका, राग मानू नका, पण आज मी भांडणार आहे.

आधी त्या 'हरण्या'बद्दल. 26 जुलै 2021, टोकियो. ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळणारी भवानी ही पहिली भारतीय. पहिल्या लढतीत तिनं ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला 15-3 असं उडवलं. पुढच्या लढतीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून 7-15 अशी हरली. ही ब्रुने कोण? तर त्याच स्पर्धेत पुढे ब्राँझ मिळवणारी! क्रिकेटमध्ये आपण असं हरलो असतो तर "झुंजार खेळ" म्हणून चार दिवस चर्चा केली असती.

आणि त्यानंतर तिनं ट्विटरवर माफी मागितली. खरं सांगतो, तेव्हा ते वाचून मला वाटलं होतं, किती नम्र मुलगी! आज त्याची लाज वाटते. कारण माफी कशाबद्दल, हा साधा प्रश्नसुद्धा मला पडला नव्हता.

जरा मागे जाऊ. चेन्नईतलं घर, वडील देवळात पुजारी. 2004 च्या सुमारास शाळेत खेळ निवडायची वेळ आली तेव्हा बाकीच्या खेळांच्या जागा भरल्या होत्या, उरली होती तलवारबाजी. म्हणून ती तलवारबाज! गंमत म्हणजे स्त्रियांची सेबर ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी 2004 साली, अथेन्सला. पुरुषांची 1896 पासून होती. म्हणजे इथेही बायकांना 108 वर्षं थांबावं लागलं.

सेबर म्हणजे टोकानं आणि धारेनं, दोन्हींनी वार करायचा प्रकार. हाताचे पंजे सोडून कमरेच्या वर लागलं की गुण. वार मोजायला विजेवर चालणारं जाकीट, मुखवटा, वायर... सगळंच महाग. त्यामुळे ही मुलं सरावाला बांबूच्या काठ्या वापरायची आणि खरी तलवार स्पर्धेसाठी जपून ठेवायची. चौदाव्या वर्षी तुर्कस्तानात पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा, तिथे पोचायला तीन मिनिटं उशीर झाला आणि थेट काळं कार्ड! स्पर्धेबाहेर. पुढे दहावीनंतर केरळात तलश्शेरीच्या केंद्रात सागर लागू या प्रशिक्षकांकडे ती शिकली. आडनाव ओळखीचं वाटलं ना? पण आपल्या अभिमानाच्या यादीत हे नाव कधी ऐकलंय? मीही नव्हतं ऐकलं. नंतर इटली, तिथे निकोला झानोत्ती.

या सगळ्या वर्षांत आपण काय करत होतो? आपण दिवाणखान्यात पितळी ढाल-तलवार टांगत होतो. लग्नात नवरदेवाच्या हाती तलवार देऊन फोटो काढत होतो. तलवार कशी आपल्या रक्तात आहे यावर भाषणं ऐकत होतो. आणि मार्च 2021 मध्ये ती ऑलिंपिकला पात्र ठरल्यावर "नावातच भवानी!" असा मेसेज पुढे ढकलत होतो. (मीसुद्धा. तीन ग्रुपवर.) त्याच वर्षी तिनं पंतप्रधानांना भेट दिलेली तलवार ई-लिलावात सव्वा कोटीला गेली. ज्या मुलीनं बांबूच्या काठीवर सराव केला तिची तलवार सव्वा कोटीला! तिचं नाव झाल्यावर पैसा आहे, नाव व्हायच्या आधी मात्र काठी.

काका म्हणतील, मग काय खेळाडूला जाब विचारायचाच नाही? विचारा की. पण जाब विचारायला आधी काहीतरी दिलेलं असावं लागतं. आपण तिला एक टाळीसुद्धा आगाऊ दिली नव्हती. हिशेब मांडायचाच तर देणं आपल्याकडे निघतं, आणि माफी तिनं मागायची? हे म्हणजे सावकारानंच कुळाच्या पाया पडण्यासारखं झालं.

बरं, गोष्ट टोकियोत संपली नाही. जून 2023, वूशी, तलवारबाजीची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा. उपांत्यपूर्व फेरीत तिनं जपानच्या मिसाकी एमुराला, म्हणजे 2022 च्या जगज्जेतीला, 15-10 नं हरवलं. उपांत्य फेरी 14-15 अशी एका गुणानं गेली. ब्राँझ. या स्पर्धेतलं भारताचं पहिलंच पदक. त्या दिवशी आमच्या कुठल्याही ग्रुपवर मेसेज आला नव्हता. काका, तुमचाही नाही.

आणि 2024 ला पॅरिसमध्ये तलवारबाजीत भारताचं कुणीच नव्हतं. "आपलं आहे कोण" हा तुमचा प्रश्न त्यामुळे अगदी बरोबर आहे. फक्त तो भाचीला विचारून उपयोग नाही. सातवीतल्या मुलीला आपण हसून गप्प करतो, मग वीस वर्षांनी विचारतो आपलं कोण आहे!

असो. रविवारी सकाळी मी भाचीला त्या क्लासला घेऊन जाणार आहे. ती ऑलिंपिकला जाईल म्हणून नाही. कदाचित तीन महिन्यांत कंटाळेलही. पण तिनं हरून घरी आल्यावर कुणाची माफी मागावी असं मला वाटत नाही.

काका, तुम्हीही चला. तुमची गाडी मोठी आहे.