न विचारता घेतलेला चेहरा



दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आपला समाज उतरतो. विदर्भ-मराठवाड्यातून गाडीत उभ्याने आलेली माणसे, कडेवर लेकरे, हातात भाकरीचे गाठोडे. दोन दिवस ते मैदान हेच त्यांचे घर. तिथेच झोपणे, तिथेच जेवणे, तिथेच बाळाला दूध पाजणे. आणि या घरात कुणालाही न विचारता कॅमेरे व मोबाईल हिंडत असतात.

गर्दीचा फोटो काढू नये असे कोण म्हणेल? चैत्यभूमीकडे सरकणारी ती लांबच लांब रांग, पुस्तकांच्या स्टॉलवर वाकलेली माणसे, हा आपला इतिहास आहे. तो टिपलाच पाहिजे. परंतु दमून झोपलेल्या बाईच्या तोंडाशी कॅमेरा नेणारा, पदर सरकलेला पाहून थबकणारा, कागदावर भाजी-भाकरी खाणाऱ्याची टिंगल म्हणून फोटो घेणारा इसम कसला इतिहास लिहितो? (अशा फोटोंत कचऱ्याचा ढीग हटकून असतो, विकत घेतलेले पुस्तक सहसा नसते!)

आता कायद्याचे पाहू. सार्वजनिक जागी फोटो काढायला आपल्या देशात सरसकट बंदी नाही. झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा फोटो काढणे हा गुन्हा, असे कोणत्याही कलमात सरळ लिहिलेले नाही. उलट १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोवर हक्क सर्वसाधारणपणे काढणाराचा, चेहरा ज्याचा त्याचा नव्हे. स्त्रियांच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे. आंघोळ करताना, कपडे बदलताना, म्हणजे कुणी पाहणार नाही असे धरून स्त्री वावरत असते तेव्हा, तिला चोरून पाहणे वा तिचा फोटो काढणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षे कैद आणि शिवाय दंड. तात्पुरत्या स्नानगृहांपाशी मोबाईल घेऊन घुटमळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. माणूस चारचौघांत आला म्हणून हा हक्क संपत नाही, असेही त्या निकालात आहे. बाबासाहेबांनी तर १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये, माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे अवाजवी झडतीपासून सुरक्षित राहावीत असे कलम घातले होते.

आणि त्याआधी, १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी आपल्या आयाबहिणींना लुगडे कसे नेसावे, चांदीचे गाठले-पाटल्यांचे ओझे का टाकावे, हे सांगितले. अंगावरून जात ओळखू येऊ नये हा त्यातला हेतू. जगापुढे कसे दिसायचे हे आपले आपण ठरवायचे, हे त्या दिवसापासून आपल्या बायका शिकल्या. न विचारता फोटो काढणारा नेमके तेच त्यांच्या हातून काढून घेतो.

परक्यांनाच दोष देऊन भागणार नाही. पुतळ्यापुढे डोळे पुसणाऱ्या आजीचे रील आपलीच पोरे काढतात, वर गाणे लावतात, हजारो लोक ते पाहतात, आणि आजीला त्याचा पत्ताही नसतो. हीच पोरे वंदनेत पंचशील म्हणतात. जे दिलेले नाही ते घेणार नाही, हे दुसरे शील. आजीने तिचा चेहरा केव्हा दिला होता?

अन्यायाचे चित्रण ही वेगळी बाब आहे. जुलै २०१६ मध्ये उनात आपल्या तरुणांना मारणाऱ्यांनी स्वतःच व्हिडिओ काढून मिरवला, आणि त्यामुळेच देश पेटून उठला. मारणाऱ्याची परवानगी कुणी मागू नये. मार खाणाऱ्याचा चेहरा पुढे पाठविताना मात्र त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारावे.

येत्या ६ डिसेंबरला कुणी असा वागताना दिसला तर त्याचा मोबाईल हिसकावू नका, गुन्हा उलट तुमच्यावर नोंदला जाईल. जवळच्या समता सैनिक दलाच्या सैनिकाला किंवा पोलिसाला बोलवा. तरुणांनो, फोटो घ्यायचाच असेल तर आजीच्या शेजारी बसा, विचारा, काढलेला फोटो तिला दाखवा. नको म्हणाली तर तिच्यासमोरच पुसून टाका. हो म्हणाली तर गावचा पत्ता घ्या आणि एक प्रत टपालाने पाठवा.