आधी एकेकाची चव घ्या!

बियरचे नाव निघताच हे पान उलटू नका, आजीबाई! घरोघरी बियर करा, असे सांगायला मी बोरी अरबहून लेखणी उचललेली नाही. तसे म्हटले तरी १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा उभा आहेच. मला हवी आहे ती बियर करणाऱ्यांची फक्त परीक्षेची रीत.

हॉप नावाच्या वेलीची फुले बियरला कडवटपणा आणि वास देतात. या वेलीच्या जाती अनेक. कोणती जात कशी, हे शिकायला परदेशातले हौशी लोक पाणी, माल्ट, यीस्ट सारे तेच ठेवतात आणि दर खेपेला एकाच जातीचा हॉप घालतात. मग १९७२ साली अमेरिकेत आलेला 'कॅस्केड' पपनसासारख्या वासाने ओळखू येतो, तर बोहेमियातला जुना 'साझ' मसाल्याच्या मंद वासाने. चार जाती एकत्र केल्या तर पेला झकास होईलही, पण कोणी काय दिले ते कळायचे नाही.

आता आपली हुरडा-पार्टी पाहा! लसणाची चटणी, जवसाची चटणी, शेव, दही, गूळ. लग्नघरात नवरीच हरवावी, तसा त्यात हुरडा हरवलेला. ज्वारी कोणती होती, असे विचारा, उत्तर येते, "ज्वारी ती ज्वारी!"

माझे भांडण याच उत्तराशी आहे. वाणी, गूळभेंडी, सुरती, कुचकुची हे सारे का एकच? १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला, उत्पन्न वाढले. ते ऋण मी नाकारीत नाही. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीने आणि सोयाबीनने ज्वारीची वावरे घेतली. उरलेल्या ज्वारीला नाव घेऊन कोणी मागेना, तर शेतकऱ्याने जुने बी राखावे ते कोणासाठी? विद्यापीठांनी फुले मधुर, परभणी वसंत, पीडीकेव्ही कार्तिकी असे खास हुरड्याचे वाण दिले. त्यांची जुन्यांशी तुलना तरी जिभेवाचून कशी व्हावी?

कोणी म्हणेल, चटणीवाचून हुरडा म्हणजे टाळावाचून भजन. खुशाल खा चटणी, पण मागाहून! आधी दोन वाणांची कणसे घ्या, दोन्ही सारखीच कोवळी. कारण दाणा निबर होऊ लागला की गोडी पिठात जाते आणि बोल मात्र वाणाला लागतो. गोवऱ्यांचा आर एकच, भाजणेही सारखेच. दाणे निरनिराळ्या सुपांत चोळा, नुसतेच खा, मध्ये घोटभर पाणी प्या. कोणता गोड, कोणता चिवट, कोणाचा दाणा तुसातून सहज सुटतो, हे पोरांना सांगू द्या.

आणि मग बाजारात "हुरडा द्या" म्हणू नका, "वाणीचा आहे का?" असे विचारा. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणे झाली. भाषणांनी बी राहत नाही, गिऱ्हाइकाने राहते. दहा घरांनी नाव घेऊन मागितले, तर पुढल्या साली कोणाच्या तरी वावरात वाणीची दोन तासे पडतील.